सुनीच्या मालकीचं गाव

सुनीतीचा पहिला बोल 'आई' नव्हता आणि 'नाना'ही नव्हता. ती म्हणाली, 'माझं.' एवढ्याशा तोंडातून तो शब्द निघाला तेव्हा घरात सगळ्यांना कोण कौतुक वाटलं होतं. पण पोरगी सात वर्षांची झाली तरी त्याच शब्दावर अडून बसलेली. मैत्रिणीच्या हातातलं उसाचं कांडं माझं. शेजारच्या अंगणातला झोका माझा. लढाईचे दिवस होते. दूर पुण्याच्या सडकेवरून नगरच्या छावणीकडे लष्करी ट्रकांची रांग जायची, तेव्हाही ही ओट्यावर उभी राहून म्हणायची की माझ्या गाड्या चालल्या.

तिचे वडील विष्णुपंत, घरातले नाना, पिंपळदऱ्याच्या शाळेत मास्तर होते. गाव लहान, सुप्यापासून आडबाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. विष्णुपंतांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा वर्गाच्या कोपऱ्यात उभंही केलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका मुलाला तीच शिक्षा झाली, तर सुनी त्याला तिथं उभं राहू देईना. कोपरा तिचा होता.

माघात तिला भाऊ झाला. त्याचं नाव नृसिंह ठेवलं, हाक मारायला नरू. एके दिवशी आई, सरोजिनी, पाणी भरून आली तर नरू खाली घोंगडीवर पाय उडवत पडलेला आणि पाळण्यात सुनी, गुडघे हनुवटीला लावून. पाळणा आधी आपला होता, हे तिचं म्हणणं. ते ती आईला पटवून देत असतानाच वरची कडी निखळली आणि पाळणा सुनीसकट जमिनीवर बसला. लागलं कुणालाच नाही. पण सरोजिनीनं घागर ठेवली आणि ती ओल्या पदरानिशी तशीच गोजरबाईंकडे गेली.

गोजरबाई गावाच्या टोकाला राहायच्या. पोरांच्या खोडी मोडण्यात त्यांचा हातखंडा होता. अंगारा नाही, धुपारा नाही, आणि छडी तर नाहीच. एका पोराला चावायची खोड होती, तर गावात ज्याला म्हणून सुपारी, खारीक, वाळलं खोबरं फोडायचं असेल त्यानं ते याच्याकडून चावून घ्यायचं, असं त्यांनी ठरवून दिलं. जबडे भरून आल्यावर पोरगा मऊ भात खाऊन गप्प झोपू लागला. एक पोरगी सदा किरकिरायची. तिला म्हशीपुढं बसवून सगळी गाऱ्हाणी म्हशीला सांगायला लावली. म्हैस ऐकून घ्यायची, रवंथ करायची. असं ऐकणारं मिळाल्यावर पोरगीलाच कंटाळा आला.

सरोजिनीचं सांगणं होईपर्यंत गोजरबाई बाजरी पाखडत होत्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या,

"देऊन टाका की तिला."

"काय देऊ?"

"समदं. मागंल ते. गावाला मी सांगते."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळीच गोजरबाई मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसल्या. सुनी तिथंच होती. मांडीवर नरूला घेऊन आईही होती. गोजरबाईंनी सुनीला अगदी मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, बाई, तुमचं काय काय हाय ते एकदा सांगून टाका. सुनीनं हात लांब करून दाखवायला सुरुवात केली. समोरचा लिंब. त्याची सावली. झोका. रतनबाईची म्हैस. वारा. ऊन. तो डोंगर. गोजरबाई प्रत्येकाला मान डोलवत होत्या. शेवटी त्यांनी सरोजिनीच्या मांडीकडे बोट केलं.

"आन् ह्यो?"

सुनीनं नरूकडे पाहिलंसुद्धा नाही. "तो माझा नाही. तो आईचा आहे."

"बरं. ह्याच्याबिगर समदं तुजं," म्हणाल्या नि उठून गेल्या.

सुनी थोडा वेळ तशीच उभी राहिली. कुणीतरी नाही म्हणेल, मग आपण पाय आपटू, अशी तिची तयारी होती. पण कुणी नाही म्हणालंच नाही. ती ओट्यावरून उतरली तर जमीन वेगळीच लागली पायाला, मऊ, कुणीतरी तिच्यासाठी अंथरून ठेवल्यासारखी. चैत्राचे दिवस होते. लिंब फुलला होता आणि त्याची बारीक पांढरी फुलं तिच्या केसांवर, खांद्यांवर गळत होती. तिची फुलं. ती चालू लागली तसा वाराही तिच्यामागून चालू लागला, पाळलेल्या कुत्र्यासारखा, कधी पुढं, कधी मागं. बायांनी घागरी घेऊन बाजूला होत तिला वाट दिली. देवळाच्या पायरीवर बसलेले म्हातारे आप्पासाहेब तिला पाहून उठले आणि त्यांनी रामराम केला. डोंगरावर निळसर धुरकट झाक होती आणि तो डोंगर आज किती जवळ आला होता. हाक मारली तर खाली येऊन पायाशी बसेल, असं तिला वाटलं.

घटकाभर असं चाललं. मग शेजारची झुंबरबाई आली. तिच्या हातात केरसुणी होती. फार अदबीनं म्हणाली की तुमच्या लिंबानं माझं अंगण भरून टाकलंय, तेवढं झाडून घ्या. सुनीनं झाडलं. पाठ फिरवली की पुन्हा फुलं पडायची. तेवढ्यात आप्पासाहेब बोडक्या डोक्यानं आले. तुमच्या वाऱ्यानं माझं पागोटं नेलं, म्हणाले. पागोटं बाभळीला अडकलं होतं. ते काढताना सुनीच्या हाताला काटे लागले. मग रतनबाईचा मच्छिंद्र धापा टाकत आला. तो तिच्याच वर्गात होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"तुजी म्हस मळ्यात शिरली. लई मेथी खाल्ली तिनं. चल बिगीबिगी."

म्हशीला मालकीण ओळखू येत नव्हती. सुनी ढकलत होती आणि म्हैस मेथी खात होती. अखेर रतनबाईनंच लांबून एक हाळी दिली, तशी म्हैस शहाण्यासारखी घराकडे वळली.

दुपारी मुलं लिंबाखाली खेळायला जमली आणि ओळीनं उभी राहिली. तुझ्या सावलीत खेळू का, असं मच्छिंद्रनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं. सुनी दमलेली होती, घामेजलेली होती. ती नाही म्हणाली. मुलं भांडली नाहीत. मुकाट्यानं उन्हात गेली. पण ऊनही तिचंच होतं, ते कुणाला तरी आठवलं. मग मुलं एकेक करून आपापल्या घरात गेली आणि दारं लोटून घेतली.

सगळी आळी रिकामी झाली. सुनी झोक्यावर बसली. मागून ढकलायला कुणी नव्हतं, म्हणून झोका जरासा हलायचा नि थांबायचा. फुलं गळत होती. वारा पडला होता. ऊन दगडांवर थरथरत होतं आणि त्या थरथरीत घरं, भिंती, तुळशीवृंदावनं पाण्यात दिसावीत तशी दिसत होती. कुठूनतरी एक पारवा घुमत होता. तोही बहुधा तिचाच असावा. आपण या गावात आहोत की कुणाच्या झोपेत, तिला कळेना. एवढं सगळं आपलं झालं आणि त्यात बोलायला कुणी नाही, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत गेलं, तशी ती झोक्यावरून उतरली.

ती घरी आली तेव्हा सरोजिनी तांदूळ निवडत होती. नरू घोंगडीवर जागा होता. सुनी त्याच्या शेजारी जाऊन पालथी पडली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिचं बोट धरलं, घट्ट. गावातल्या एकाही वस्तूनं दिवसभरात तिला असं धरलं नव्हतं. सुनीनं बोट सोडवून घेतलं नाही. तिला तो शब्द बोलायचा होता, तोंडात आलाही, पण सकाळपासून त्या शब्दामागून एवढी माणसं तक्रारी घेऊन आली होती की आता तो काढायचीच तिला भीती वाटली.

मग तिनं आईला विचारलं, "नरू आपला आहे का गं?"

सरोजिनीचे हात तांदळात थांबले. "आपलाच आहे," ती म्हणाली, "तुझा, माझा, नानांचा."

"वाटून कमी नाही ना होत?"

"अजून तरी झाला नाही. उलट रोज जडच होतोय."

संध्याकाळी सुनी आईचा पदर धरून दारोदार गेली. म्हैस रतनबाईला परत केली. सावली मच्छिंद्रला दिली, तर त्यानं ती हातात झेलल्यासारखं केलं आणि सगळ्या पोरांवर उधळली. आप्पासाहेब मात्र वारा परत घेईनात. पागोट्याचा राग अजून गेलेला नाही म्हणाले. विष्णुपंत सुप्याच्या बाजारातून आले तेव्हा मुलगी आळीतल्या पोरांत धुळीनं माखून ओरडत होती. ते आत गेले आणि पाळण्याची कडी ठोकायला बसले.

सरोजिनी नारळ घेऊन गोजरबाईंकडे गेली. खोड गेली, म्हणाली. गोजरबाईंनी नारळ घेतला, पण हे बोलणं काही त्यांनी मान्य केलं नाही. पोर हाय, जाईल तशी जाईल, एवढंच म्हणाल्या.

त्यांचं खरं ठरलं. पुढच्याच आठवड्यात झुंबरबाईची बनू चिंच खात ओट्यावर बसली होती. सुनी तिथं गेली, "आपली चिंच," म्हणाली आणि बनूच्या हातून सरळ काढून घेतली. बनूनं भोकाड पसरायला तोंड उघडलं. सुनीनं चिंच मधोमध मोडली, दोन्ही तुकडे नीट निरखून पाहिले, आणि जरा विचार करून मोठा तुकडा त्या उघड्या तोंडात घातला.