पाटलांची काठी, मुद्देमाल खोलीतून

हो, मीच बोलतेय. आत्ता तुमचा पाय लागून जी आडवी पडली, ती कोपऱ्यातली काठी. उभी करणार असाल तर करा, नाहीतर पडू द्या. तशीही या खोलीत मला चैन नाही.

मी भरीव वेळूची. ऐरोलीच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात सिताराम पाटलांनी मला तासलं, तेल पाजलं, टोकाला लोखंडी कडं बसवलं. तेव्हा पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची. भातशेतीच्या बांधावरून कोणी भांडलं, खाडीत प्रेत वाहत आलं, मिठागरावर मारामारी झाली, की सिताराम मला घेऊन निघायचे. फौजदार यायला दिवस लागायचा. तोवर सरकार म्हणजे ते आणि मी.

पुढे पाटीलकीची वतनं गेली. सरकारनं पोलीस पाटील नेमायला सुरुवात केली आणि सितारामांचा मुलगा गोटीराम नेमला गेला. गोटीराम बापापेक्षा शांत. त्याने मला कधी कोणावर उगारलं नाही. दोन माणसं भिडली की तो मला मध्ये आडवी धरायचा आणि दोघं दमेपर्यंत गप्प उभा राहायचा. मला मात्र घाई असायची. माझी जात मारणारी, हे मी लपवत नाही.

मग गावाभोवती शहर आलं. भातशेती गेली, सेक्टर आले, गाव महापालिकेत गेलं. नवी मुंबईला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं. जीपगाड्या फिरू लागल्या, नाक्यावर चौकी बसली. शेवटी एक साहेब गोटीरामला सांगून गेले की शहरात पोलीस पाटील लागत नाही, आजवर केलंत त्याबद्दल आभार. गोटीरामची बायको सगुणाबाई म्हणाली, बरं झालं, आता तरी सुखाने जेवाल. त्याने मला दारामागे उभं केलं. येणाऱ्याजाणाऱ्याची पावलं ऐकत मी तिथे नुसती तळमळायची.

त्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी आवई उठली. कोणी पाहिली नव्हती, पण जो तो सांगायचा. गावात चाळीत भाड्याने राहणारा कोंडिबा नावाचा साताऱ्याकडचा माणूस होता, तुर्भ्याच्या बाजारात हमाली करायचा. एका दुपारी तळ्यापाशी एक लहान पोर एकटीच रडताना त्याला दिसली. त्याने तिला कडेवर घेतलं आणि घर विचारत निघाला. कोणीतरी ओरडलं. बघता बघता गर्दी झाली. पोरीला त्याच्याकडून ओढून घेतलं, त्याला दगड बसले. तो पळाला, आणि समोर उघडं दिसलं ते गोटीरामचं दार.

सगुणाबाईने त्याला आतल्या खोलीत घेऊन कडी लावली. गोटीरामने शेजारणीला चौकीवर पिटाळलं, मला उचललं आणि उंबऱ्यावर येऊन चौकटीत आडवी धरली. किती दिवसांनी त्याचा हात लागला होता! तळव्याला घाम होता.

गर्दीत सगळ्यात पुढे दिपेश होता, गोटीरामच्या धाकट्या भावाचा मुलगा.

"काका, तुमी आता पाटील नाय. बाजूला व्हा."

"पाटील नाय, पन घर माजा हाय," गोटीराम म्हणाला. "मना मारल्याशिवाय कोनी आत जानार नाय."

दिपेशने मला धरून हिसका दिला. गोटीरामने सोडलं नाही. पण त्याचं वय झालं होतं. मी त्याच्या हातून निसटले, दिपेशच्या हातात गेले, वर उचलले गेले आणि खाली आले. हाड मोडल्याचा आवाज मी अंगाने ऐकला. जन्मभर ज्याची घाई होती ते असं घडलं, माझ्याच माणसाच्या मनगटावर.

गोटीराम उंबऱ्यातून हलला नाही. दुसरा हात चौकटीला लावून उभा राहिला. गर्दी दोन पावलं मागे सरली. मागून पोरीची आई, संध्या, धावत आली. पोर खेळता खेळता हरवली होती, संध्या तिलाच शोधत होती. पोर हुंदके देत सांगत होती, मामा घरी सोडत होता. तेवढ्यात जीप आली.

इन्स्पेक्टरने विचारलं, कोणी मारलं? सगुणाबाई नवऱ्याकडे बघत मान हलवत होती. गोटीरामने दिपेशचं नाव सांगितलं.

सगुणाबाई रडली. पुतण्याचं नाव कशाला घेतलंत, असं म्हणाली.

"लोकांच्या पोरांची नावां पोलिसांना मीच दिली," तो म्हणाला. "घरचा पोर कसा लपवू?"

भावाच्या घराने बोलणं टाकलं. त्यांच्या घरच्या लग्नाला गोटीरामला बोलावणं आलं नाही. कोंडिबा मात्र बाजारातून सुटला की येतो, हौदातून पाणी भरून देतो. हे सगळं मला तारखेला कोर्टात नेतात तेव्हा कानावर पडतं. मागच्या खेपेला वकिलाने मला दाखवून विचारलं, ही ओळखता का? गोटीराम म्हणाला, माझी आहे. वाकडं राहिलेलं मनगट त्याने सदऱ्याच्या बाहीत घेतलं. आरोपीच्या पिंजऱ्यात दिपेश खाली बघत होता.

आता अंगावर मुद्देमालाची चिठ्ठी बांधून मी इथे तुमच्या ठाण्यात पडलेय. शेजारच्या खोलीत वायरलेस खरखरतो. कुठेतरी जमाव जमलाय म्हणतात, आणि तुम्ही सगळे काठ्या उचलून धावता. मी मात्र इथेच. पुढच्या वेळी निघताना मलाही घ्या. मारायला नको. दारात कोणी एकटा उभा असेल, तर त्याला आडवी धरायला द्या.