मेंढरांच्या रांगा

हुशार मुलं मला कधीच आवडली नाहीत. ती मास्तराचं पितळ उघडं पाडतात. पण चौऱ्याहत्तर साली आमच्या सोलापूरच्या शाळेत हुकूम आला, की गणितात तल्लख असलेल्या मुलांना जादा पुस्तकं द्या, त्यांचं त्यांना शिकू द्या. निवड झालेल्यांना सरकार पुण्याला नेऊन पुढं शिकवणार होतं. मुख्याध्यापकांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं.

आठवीत असं एकच पोर होतं, बनाबाई. तिचा बाप हरिबा मैंदर्गीकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून तो अक्कलकोट रोडला यंत्रमागावर लागला होता. त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "पुण्याला घेतली तर शिकू द्या, गुरुजी. न्हाय घेतली तर कारखान्यात मागाच्या सुताच्या कांड्या भरंल."

मी बनाला मागच्या बाकावर बसवलं, एक जाडजूड पुस्तक दिलं आणि बजावलं, "मला विचारायचं नाही. रीत तुझी तू शोधायची." लोक म्हणाले, काय थोर शिक्षक! खरं म्हणजे ती विचारायची ते मलाच येत नसे.

शिक्षकांच्या त्रैमासिकात एक कोडं आलं. तिनानं भागलं तर एक उरतो, पाचानं भागलं तर दोन, सातानं भागलं तर तीन. अशी लहानात लहान संख्या कोणती? माझे दोन रविवार त्यात गेले. शेवटी बनापुढं टाकलं.

"सर, मेंढरं रांगंत लावली," ती म्हणाली. "हायेत तेवढीच शेजारच्याकडनं आणली, वर एक कोकरू घेतलं, की तिनाच्या, पाचाच्या, साताच्या कुटल्याच रांगंत काय उरत न्हाय. म्हंजी एकशेपाच. कोकरू सोडलं, निम्मी परत दिली. बावन्न."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं खडू झिजवून मला असं काही सुचलं नव्हतं. मी मेंढरांचे शिपाई केले, कोकराचा हवालदार केला आणि खाली माझं नाव घातलं. छापून आलं तेव्हा सात रस्त्यावरच्या हॉटेलात सगळ्या मास्तरांना चहा पाजला.

निवडीला पुण्याचे दोन साहेब आले. त्यांनी बनाला आवडीचा प्रश्न मांडायला सांगितला. पोरीनं तोच मांडला. एका साहेबांनी बॅगेतून त्रैमासिक काढलं आणि मला आत बोलावलं.

"रुद्रप्पा, ही रीत तुमची ना? मुलगी म्हणते माझी."

बना माझ्याकडं बघून हसली. सर आले, आता मिटलं, असं तिला वाटलं. 'तिचीच आहे' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? अब्रू जात होती.

"माझीच," मी म्हणालो. "पाठ केलीय तिनं."

"सर, मेंढरं हुती की ती," बना पुटपुटली. साहेबांनी तिच्या नावावर काट मारली.

दुसऱ्या दिवशी हरिबा तिला दंडाला धरून शाळेत घेऊन आला. तिच्या गालावर वळ उठले होते. भर वर्गात त्यानं तिला माझे पाय धरायला लावले.

"पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली, पर दुसऱ्याच्या कळपाला हात लावला न्हाय आमी," तो रडत म्हणाला. "हिनं गुरूच्या घरी चोरी केली. उद्यापास्नं कांड्या भरंल ही. तुमी राग धरू नका."

मी बनाच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे हरिबा," मी म्हणालो. "पोर आहे, चुकायचीच. मी माफ केलं तिला."