गढीतला मानाचा बैल

स्थळ बघायला मी नेहमी उपाशी पोटी जाते. पोट भरलं की माणसाला कुणाचंही घर चांगलं दिसायला लागतं. सेलूत माझ्या भावाचा, राजेश्वरचा, सरकी-ढेपेचा व्यापार. घरात कुणाचं लग्न जमवायचं म्हटलं की सगळे मला पुढं करतात, कारण गोड बोलून नको ते विचारणं या गंगम्माइतकं कुणालाच साधत नाही.

या खेपेला भाचीचं, राजेश्वरच्याच लेकीचं होतं. ईश्वरी सेलूत रक्त तपासायची लॅब चालवते. मुलगा शिवप्रकाश परभणीला नोकरीला. फोनवर बोलून बोलून दोघं एकमेकांना पसंत पडले होते. लग्नानंतर सेलूतच राहायचं, लॅब चालू ठेवायची, शिवप्रकाशनं रोज रेल्वेनं परभणीला जाऊन यायचं, हेही परस्पर ठरवून बसले होते. फक्त मुलाच्या बापाला याचा पत्ता नव्हता. बाप म्हणजे पालमकडचे मल्लिकार्जुनराव देशमुख, गढीचे मालक; बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सून गढीत नांदणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

निघताना ईश्वरीनं मला बाजूला घेतलं. "आत्या, गढी-बिढी राहू दे. ह्यो बापासमोर तोंड उघडतो का, तेवढंच बघून ये. न्हाई उघडलं तर माझं न्हाई हाय. फोनवर काय, कुणीबी वाघ असतंय."

देशमुखांनी मुद्दाम पोळ्याला बोलावलं होतं. अमावस्येला कुणी स्थळ बघायला जातं का, म्हणून शेजारणीनं नाक मुरडलं. पण आम्हा लिंगायतांना अमावस्येचं वावडं नाही, आणि देशमुखांना आपला मान दाखवायचा होता. त्यांच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल गढीचा जातो. तो गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा बैल पाऊल टाकत नाही. निजामाच्या काळापासूनची रीत.

गढी मात्र बघावी अशीच. दोन बुरूज, त्यांच्यामध्ये हत्ती जाईल एवढा दरवाजा, आत पहारेकऱ्यांची दगडी ढेलज, मग फरशीचा चौक आणि समोर दिवाणखाना. भिंतींना ताजा रंग. राजेश्वरची मान वर गेली ती खाली येईना. मल्लिकार्जुनराव फेटा बांधून पायरीवर उभे होते. "शरणार्थ! या, पाव्हणे. गढी तुमचीच हाय."

हात धुवायचं निमित्त काढून मी मागं गेले. समोरून दिसणाऱ्या तीन भिंती रंगवल्या होत्या, चौथीला रंगाचा थेंबही नव्हता. मागच्या खोलीत माळवद गळत होतं आणि खाली पितळेचं घंगाळ ठेवलं होतं. गोठ्यात ट्रॅक्टर. शेणाचा पो सोडा, कडब्याची काडीसुद्धा नव्हती. मी पदराला हात पुसत, चेहरा भोळा करून परत आले.

चौकात बैल आणला होता. पांढराशुभ्र, रंगवलेली शिंगं, पाठीवर आरशांची झूल. मल्लिकार्जुनरावांनी पूजा केली, पुरणपोळ्या चारल्या. बैलही मोठा समंजस, एक पोळी संपली की दुसरीसाठी जीभ काढायचा.

"लय गुणाचा हाय," मी म्हणाले. "नाव काय ह्याचं, आप्पा?"

मल्लिकार्जुनराव एक क्षण अडखळले. "सर्जा."

"सर्जा!" मी हाक मारली. बैलानं कानही हलवला नाही. मग मी शिवप्रकाशकडे वळले. पोरगा उंचापुरा, डोळे प्रामाणिक, पण बापाशेजारी खांबासारखा उभा. "व्हय का हो? सर्जाच ना?"

त्यानं बापाकडं बघितलं, मग फरशीकडं. "आप्पा म्हणतेत तेच."

झालं. मला वाटलं, तिथूनच ईश्वरीला फोन लावावा आणि सांगावं, वाघ बिळात शिरला बाई. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, आणि हा तर मूग गिळून उभा.

तेवढ्यात बाहेर हलगी वाजायला लागली. बैल न्यायची वेळ झाली. आणि पोळ्या खाऊन तृप्त झालेला तो बैल चौकाच्या मधोमध खाली बसला.

दावं ओढलं, उठला नाही. ढेप दाखवली, हुंगून मान फिरवली. एका गड्याचा हात शेपटीकडं गेला तसे मल्लिकार्जुनराव कडाडले, "आजच्या दिशी? बसवण्णाच्या अंगाला हात लावतूस?" खरंच होतं ते. पोळ्याला बैलावर हात उगारायचा नसतो, आणि आमच्यात तर बैल म्हणजे साक्षात नंदी. राजेश्वरला व्यापाऱ्याची अक्कल सुचली, "गाडीचा जॅक लावून बघावं का?" मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

बाहेरून निरोप आला, "मालक, दिवस मावळायलाय. सगळ्या गावाची बैलं तोरणापाशी खोळंबलीत. आवरा!" मल्लिकार्जुनरावांच्या फेट्याखालून घाम वाहत होता.

आत येतानाच मला ढेलजेत एक माणूस दिसला होता. नवं धोतर, खांद्यावर टॉवेल, भिंतीआडून सारखा आत डोकावणारा. मी हळूच त्याच्याकडं गेले. "तुमी कोण हो?"

"मी कुणी न्हाई, बाई."

"म्हंजे?"

"पाव्हणे जाईस्तवर मी कुणीच न्हाई. तसं ठरलंय."

"अन् बैल?"

"बैल गढीचाच की," तो शांतपणे म्हणाला. "आजच्या दिवस."

मला हसू आवरेना. आता सगळं मीच सांगून टाकलं असतं तर मोठी गंमत झाली असती, पण ईश्वरीचं काम राहिलं असतं. मी चौकात आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शिवप्रकाशराव, बाहेर एक माणूस हाय. म्हणायलाय, मी कुणीच न्हाई. तुमी वळखता का त्याला?"

मल्लिकार्जुनरावांनी मुलाकडं असं बघितलं की भल्याभल्यांची बोबडी वळावी. मी मनातल्या मनात बसवण्णाला नारळ बोलले.

"वळखतो," तो म्हणाला. "मुंजाजीकाका हायत ते. बैल त्यांचा हाय. नाव पिंट्या."

पिंट्या म्हटल्याबरोबर बैलानं मान वर केली.

"शिवा!" मल्लिकार्जुनराव ओरडले. पण बांध फुटला होता. "आपली बैलं कवाच इकली, आप्पा. रंग तीनच भिंतींला हाय. मागं माळवद गळायलंय. दिवाणखान्यातला सोफा सरपंचाचा हाय, उद्या सकाळी परत द्यायचाय. अन् ईश्वरी हितं राहणार न्हाई. तिची लॅब हाय. मी सेलूत राहणार हाय!"

एवढं बोलून पोरगं धापा टाकायला लागलं. राजेश्वरनं नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी नुकतीच तोंडात टाकली होती, त्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत होते, पण लक्ष सगळं मल्लिकार्जुनरावांकडं.

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते बैलाशेजारी फरशीवरच खाली बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. टक्कल घामानं चमकत होतं, आणि एवढा मोठा देशमुख एकदम कुणाच्याही बापासारखा दिसायला लागला.

"उसना बैल दारात आणताना दर साली जीव शरमेनं अर्धा व्हतो, शिवा," ते म्हणाले. "सोफा मागायला सरपंचाच्या दारी मी सवता गेलतो. कवाच सोडून द्यावा म्हणलं ह्यो मान. पर तुला गढीची लय हौस. तुझ्या हातात काय तरी ठिवावं म्हणून धरून बसलो."

शिवप्रकाश बापासमोर उकिडवा बसला. "मला? मला कशाची हौस, आप्पा? तुमाला वाईट वाटंल म्हणून मी गप बसायलो व्हतो."

बाप मुलासाठी गप्प, मुलगा बापासाठी गप्प. दोघांच्या गप्प बसण्यापायी मुंजाजी बिचारा दरवर्षी कुणीच नसायचा.

मल्लिकार्जुनराव उठले, स्वतः ढेलजेपर्यंत गेले. "मुंजाजी, आत ये."

"कोण म्हणून येऊ, मालक?"

"बैलाचा धनी म्हणून ये."

मुंजाजी आला. बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "ऊठ रं, पिंट्या. काल 'उद्या जेवाय ये' म्हणून आवतण मी दिलं अन् जेवण गढीत उरकलंस व्हय? घरी कारभारीण ताट वाढून बसलीय." बैल अंग झाडून उभा राहिला. फरशीवर खूर वाजवत तो मुंजाजीच्या मागं दरवाज्यातून बाहेर पडला. गावानं एकच आरोळी ठोकली. तोरणाखालून पहिला पिंट्या गेला, मुंजाजीच्या नावानं. मल्लिकार्जुनराव बोडक्या डोक्यानं मागून चालत होते. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मिरवणूक पुढं गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "गंगम्माबाई, सेलूत माळवदाची घरं असतेत का सलाबाची?"

"सगळी सिमेंटच्या सलाबाची, आप्पा. थेंब गळत न्हाई."

"बरं असंल," ते म्हणाले. "हितं एकट्याला लय मोठं पडतंय हे."

गाडीत बसले न बसले तोच ईश्वरीचा फोन आला. "आत्या, काय झालं? बोलला का?"

"बोलला की," मी म्हणाले. "पण त्याच्या मागोमाग सासराही बोलला. दोन खोल्या बघून ठेवल्या असशील, तर राहू दे. आता तीन खोल्यांचं घर बघ."