नाकवाल्याची फुली

काकांना नाकाची नोकरी होती. हसू नका, खरंच होती. कारखान्यांचं पाणी तपासणारं सरकारी ऑफिस. पाण्यात काय विरघळलंय ते मशीन सांगायचं, पण वासाचं मशीन काही ऑफिसात नव्हतं. नियमच होता, वास माणसानं घ्यायचा. फॉर्मवर चार चौकोन. नाही, थोडा, मध्यम, तीव्र. काकांनी बाटली उघडायची, हुंगायची, फुली मारायची, खाली सही. सगळं ऑफिस त्यांना नाकवाले म्हणायचं. एके काळी त्या फुलीला भलेभले टरकून असायचे.

दोन वर्षांपूर्वी काकांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. चुलीवर दूध करपून कोळसा झालं आणि काका शेजारीच पेपर वाचत बसलेले. बायको धावत आली. "अहो, नाक आहे की खुंटी?"

गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काकांनी गुपचूप डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, गेला तो गेला. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलेली. काका गप्प बसले आणि एक युक्ती काढली. बाटली उघडायची, हुंगल्यासारखं करायचं, पण बघायचं शेजारच्याच्या तोंडाकडे. ड्रायव्हरनं रुमाल काढला की तीव्र. मान वळवली की मध्यम. चाललं की छान!

फक्त सरसाच्या कंपनीत ड्रायव्हरला फाटकाच्या आत घेत नसत. ही कंपनी म्हणजे डोंगर. हाडं, कातडी, खूर उकळून सरस काढायची. गावातली निम्मी दुकानं तिची, शाळेची बस तिची. आता तिला ओढ्यात दुप्पट पाणी सोडायचं होतं. त्यासाठी 'वास नाही' अशा तीन फुल्या लागत. दोन झाल्या होत्या. कंपनीची माणसं शेजारी उभी असायची, एकाच्याही तोंडावरची सुरकुती हलायची नाही. काकांनी 'नाही'वर फुली मारली होती, दोन्ही वेळेस.

तिसरीच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. काकांची थोरली बहीण, ओढ्याकाठीच राहायची. "आत्ताच्या आत्ता ये."

गल्लीत शिरल्या शिरल्या काकांचे पाय अडखळले. भर दुपारी सगळ्या खिडक्या बंद, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. ओढ्यावर तपकिरी साय धरलेली, गार झालेल्या चरबीसारखी. तिच्यात केस, खुरांचे तुकडे, आणि फुगलेला एक उंदीर. सायीवर बसलेल्या माश्या तिथेच चिकटून मेलेल्या.

ताईनं दारातच कान धरला. "गाढवा! चौकात कागद लावलाय कंपनीनं. वास नाही. खाली तुझी सही. शेजारणीचं पोर दूध पितं आणि ओकतं. मी चार दिवस नाकाला पदर लावून जेवते. आणि तुला वास नाही?"

"ताई, मला खरंच येत नाही. दोन वर्षं झाली."

ताईनं कान सोडला. आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "मग बाबा, तुला पाठवतात तरी कशाला?"

काकांना ते रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा टायवाला फाटकावर हजर. "या काका, या! तुमच्या साहेबांना मुद्दाम सांगतो, नाकवाल्यांनाच पाठवा."

पाण्याच्या हौदाशी चार जण उभे, तोंडं दगडासारखी. काकांनी पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. मिशांखाली मलम चकाकत होतं. टायवाल्याच्या नाकपुडीतून कापसाचा तंतू लोंबत होता. काकांनी बाटली भरली, बूच लावलं, फॉर्म घडी करून खिशात टाकला.

"फुली, काका?"

"ऑफिसात मारतो."

टायवाला जवळ आला, आवाज अगदी मधासारखा. "काका, तुम्ही ज्या डॉक्टरकडे गेला होता ना, तो दवाखाना आपलाच आहे. तुमचा कागद जपून ठेवलाय. दोनच वर्षं उरलीत, कशाला घोळ?"

काकांच्या अंगावर शेवाळ चढल्यासारखं झालं. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर नाकवाल्यांना मुद्दाम बोलावत होते.

साहेबांची खोली बंद, पंखा फुल, टेबलावर चहा. टायवाला काकांच्या मागोमागच येऊन बसलेला, कापूस काढून टाकलेला. साहेब म्हणाले, "मारा फुली, आटपा."

"साहेब, नियमात माणसाचं नाक लागतं. माझं नाही. तुमचं द्या." काकांनी बूच काढलं आणि बाटली साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

वास काकांना आला नाही. दिसला मात्र. आधी साहेबांच्या नाकाची शेंडी पांढरी पडली, मग गाल आत गेले, डोळ्यांत पाणी. टायवाला खुर्ची पाडून खिडकीकडे पळाला, तिची कडी गंजलेली, उघडेना. साहेबांनी कचऱ्याची टोपली ओढली आणि सकाळचं सगळं त्यात. कपातल्या चहावरसुद्धा ते उडालं.

काकांनी शांतपणे 'तीव्र'वर फुली मारली. शेऱ्यात लिहिलं : साहेबांना ओकारी, अकरा वाजून दहा मिनिटं, कंपनीचे अधिकारी खिडकीशी.

"तुमचं नाक तपासायला पाठवतो!" साहेब तोंड पुसत ओरडले. "उद्यापासून घरी बसाल."

"पाठवा की. माझं नाक मेलंय हे मीच लिहून आणलंय. म्हणजे आधीच्या दोन फुल्या पण खोट्या." काकांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "एक प्रत आवकच्या टेबलावर दिली, शिक्का घेतलाय. आता फाडता येणार नाही."

टायवाला अजून खिडकीच्या कडीशीच झटत होता. मध सगळा आटला होता.

काका ताईकडे गेले ते बिनपगारी, बिननोकरीचे. हात तीनदा साबणानं धुतलेले, पण बाटली भरताना बाहीवर पाणी सांडलेलं. ताईनं दार उघडलं आणि पदर नाकाशी नेला. "शी! लांब हो, मेल्या. तिथे पायरीवर बस."

काका पायरीवर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणाचं तोंड चोरून बघावं लागत नव्हतं, सरळ विचारता येत होतं.

"येतोय का अजून?" त्यांनी विचारलं.

"येतोय. सदरा काढ आधी."