तट्ट्याआड

“हात वर करा, आक्का,” नागुबाईनं मान वर न करताच म्हटलं आणि रांगेतल्या शेवटच्या बाईच्या काखेकडं हात नेला.

“आक्का कुणाला म्हणतीस गं? वळखलं न्हाईस व्हय?”

समोर मनुबाई उभी होती. दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या. मनुबाई लग्न होऊन शहापूरला विणकराच्या घरी गेली. नागुबाई मात्र गावातच राहिली. स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणाऱ्या भरमूला तिला दिली होती.

बेळगावाहून येणारी छोटी गाडी इथं येऊन संपायची. पुढं रूळच नव्हते. मातीचा बांध आणि पलीकडं भाताची खाचरं. त्यामुळं गाडीत बसलेल्या प्रत्येकाला इथं उतरावंच लागायचं, आणि प्लेगाच्या त्या साली उतरलेल्या कुणालाही तपासणी चुकत नव्हती. पुरुषांना डॉक्टर बघायचा. बायका अंगाला हात लावू देईनात, म्हणून बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला नागुबाईला उभं केलं होतं. ताप लागला, गाठ लागली, की डॉक्टरला सांगायचं. सांगितलं की माणूस रुळांपलीकडच्या आजाऱ्यांच्या छावणीत.

मनुबाईचं अंग गार होतं. पण तिच्या कडेवरच्या चंपीच्या पाठीला हात लागला आणि नागुबाईनं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“दात येत्यात गं तिला,” मनुबाई कुजबुजली. “गाठ न्हाय, बघ की. आमच्या गल्लीत लई माणसं गेली, म्हणून आईकडं आलो.”

नागुबाईनं नीट चाचपून बघितलं. गाठ खरंच नव्हती.

“काय बाई, सगळ्या ठीक?” तट्ट्यापलीकडून डॉक्टरनं विचारलं.

व्हय म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मनुबाईची आई बाळाबाई राहायची ती नागुबाईच्या भिंतीला भिंत लावून, आणि त्या भिंतीशी नागुबाईची पोरं निजायची.

“एका लेकराला ताप हाय, सायेब.”

मनुबाई भांडली नाही. “नागे,” एवढंच म्हणाली आणि पोरीला पदराखाली घेऊन शिपायामागनं रूळ ओलांडून गेली.

“तू काय वावगं केलं न्हाईस,” जेवताना भरमू म्हणाला. “कायदाच हाय तसा.” नागुबाईला ते पटलं. पटलं म्हणून तर घास गेला. आणि तो गेला याचीच तिला पुढं लाज वाटत राहिली.

चंपीचा ताप लवकरच उतरला. पण तोवर शेजारच्या खाटेवरची बाई गाठीनं गेली होती, आणि मग मनुबाईला थंडी वाजून आली. तीही गेली, आणि शहापूरहून नवरा पोचायच्या आतच तिला छावणीमागं जाळून टाकलं.

पोरीला घेऊन शिपाई स्टेशनात आला. “हिचं कोण हाय गावात?” नागुबाईनं हात पुढं केले. चंपी तिच्याकडं बघून हसली. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढा दात वर आला होता.

गल्लीत बाळाबाई आपल्या उंबऱ्यात बसली होती. नातीला बघून ती उठली आणि नागुबाईच्याच पायाशी वाकली.

“मावशी, नगा!” नागुबाई मागं सरली.

“तू व्हतीस म्हणून एवढं तरी हाताला लागलं, पोरी. पर तू तिथं असताना डॉक्टराला सांगितलं कुणी गं?”

नागुबाईचे ओठ हलले. खरं ते जिभेवर आलं होतं.

“शिपायानं,” ती म्हणाली. “शिपायानं बघितलं, मावशी.”

“त्याच्या घरात दिवा लागू नये,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “त्याची लेकरं अशीच आईवाचून रडूदेत.”

भिंतीपलीकडं नागुबाईची पोरं कशावरून तरी खिदळत होती. बाळाबाईनं नातीला घ्यायला हात पुढं केले, पण चंपी नागुबाईच्या खांद्यावर झोपली होती आणि तिच्या पदराचा बोळा मुठीत घट्ट धरून होती.

“ऱ्हाऊ दे. तुझाच लळा लागला बघ तिला.”

स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली. “नागू, अगं गाडी आली!” भरमूनं लांबून हाक मारली. नागुबाई हलली नाही.

म्हातारीनं चुलीवरचं दूध पितळीत ओतलं, फुंकर घालून निववलं आणि तिच्यापुढं सरकवलं.

“पी की गं. लेकरू घिऊन किती येळ हुबी ऱ्हाशील?”

दुधावर साय धरली. नागुबाई तशीच उभी होती.