शनिवारपुरतं अहो-जाहो

मैत्री भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती आणि पहिल्याच गृहपाठाने तिने बाबांची झोप उडवली. तसा गृहपाठ साधा होता. कामाच्या एखाद्या जागी दिवसभर बसायचं आणि कोण कोणाला कशी हाक मारतं, कोण अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो, ते लिहून आणायचं. समाज समजून घ्यायचा तर आधी हाका ऐका, असं मॅडमनी सांगितलं होतं. मैत्रीने जागा निवडली मार्केट यार्डातला गुळाचा गाळा. बाबा तिथेच हमाल होते.

हडपसरच्या विहारात ते आयुष्मान रतन. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तसंच छापायचे. गल्लीत रतनराव. घरात बायको शर्मिला लग्नापासून अहो म्हणायची, भांडतानासुद्धा. आणि सकाळी गाळ्यावर पाऊल टाकलं की या छप्पन्न वर्षांच्या माणसाचा रत्न्या व्हायचा. मालकाचा मुलगा सौरभ, वय चोवीस, गेल्या वर्षी गादीवर बसला. वडिलांचं ऐकून तोही रत्न्याच म्हणायचा. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं हो, पण लागायचं ते लागायचंच. तीस वर्षं रतनरावांनी ही हाक घरी येऊ दिली नव्हती, आणि आता पोरगी वही घेऊन तिथेच येऊन बसणार होती.

शुक्रवारी त्यांनी मनाचा हिय्या करून सौरभला गाठलं.

"सौरभशेठ, उद्या माझी मुलगी येणार आहे. एवढा एक दिवस मला जरा अहो म्हणाल का?"

सौरभने मोबाइलमधून मान वर केली. कान लाल झाले त्याचे. "म्हणतो की," एवढंच तो पुटपुटला.

शनिवारी मैत्री कोपऱ्यात स्टुलावर बसली. सौरभने घसा साफ केला आणि कोणाला चुकून अरे-तुरे जायला नको म्हणून तो सरसकट सगळ्यांनाच अहो म्हणत सुटला. "अहो रतनराव, आपण या ढेपा आत घेता का? अहो भैरूजी, आपण जरा इकडे येता का?"

भैरू म्हणजे रतनरावांचा जोडीदार, मांजरी गावचा. त्याने डोक्यावरची गुळाची ढेप जागच्या जागी खाली ठेवली आणि टॉवेलने तोंड पुसलं. पुण्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दुकानदार अचानक 'आपण' म्हणायला लागला की मागून अपमान येतोच.

"काय चुकलं, शेठ? दोन शिव्या द्या, पर आसं बोलू नका. कामावरनं काढताय का काय?"

"अहो, आपला काहीतरी गैरसमज..."

"बघा! परत आपला!"

शेजारच्या गाळ्यावरचे हमाल चौकशीला आले. भैरूने तराजू मोडला म्हणे, अशी बातमीही तेवढ्यात उठली. पंधरा मिनिटं काम ठप्प. रतनरावांनी चोरून मैत्रीकडे पाहिलं. वहीत मान घालून ती हसत होती. म्हणजे कळलं तिला. तिथल्या तिथे गायब होता आलं तर बरं, असं त्यांना झालं.

तेवढ्यात झाडायला मालनबाई आल्या. यार्डात त्यांना 'ए म्हातारे' शिवाय हाक नाही. रतनराव सवयीने बाजूला झाले. "मालनताई, थांबा, ढेप हलवतो. पाय सांभाळा तुमचा."

मैत्रीने काहीतरी लिहिलं.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. रतनराव म्हणाले, "सौरभला मीच सांगितलं होतं."

"बाबा, सातवीत असताना मी तुमचा डबा घेऊन आले होते. तेव्हापासून मला माहीत आहे."

"मग हाच गाळा कशाला निवडलास?"

तिने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. 'बाबांना कोण काय म्हणतं' हे अर्ध्या पानात संपलं होतं. 'बाबा कोणाला काय म्हणतात' याला दोन पानं लागली होती. सौरभशेठ, तुम्ही. चहावाला, तुम्ही. मालनताई, तुम्ही. बिहारहून आलेला नवा हमाल, आप. एवढ्या यादीत 'तू' एकदाच होतं, भैरूपुढे.

"भैरू दोस्त आहे," रतनराव घाईघाईने म्हणाले.

"तसंच लिहिलंय. मला मॅडमना हेच दाखवायचं होतं, बाबा. मी बोलायला कोणाकडून शिकले ते."

रतनरावांना खूप आनंद झाला आणि रडूही आलं. वाचण्याच्या नादात त्यांचा थांबा मागे राहिला.

सोमवारी सकाळी गादीवरून आवाज आला. "ए रत..." सौरभ अडखळला. मग साध्या आवाजात म्हणाला, "रतनकाका, या."

भैरूने कान टवकारले, थोडा विचार केला. "ह्ये चालतंय," तो म्हणाला. "ह्यात भ्या न्हाई."

संध्याकाळी रतनराव ती हाक घरी घेऊन गेले.