खुर्चीच्या हातावर

मित्रांनो, मी एक जुने थरथरयंत्र आहे. मुठीत मावणारा दांडा, पुढे रबराचा गोळा, मागे लांब वायर. आखडलेल्या पोटरीवर मला धरले की स्नायू सैल होतात आणि पाऊल मोकळे पडते.

बाबांचा शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला. चहाचे कप विसळून लेकीने मला त्यांच्या हाती दिले. "दहा मिनिटं, बाबा. टाळाटाळ नको," म्हणाली आणि पलीकडच्या खोलीत भाषांतराच्या कामाला बसली.

बाबा पोस्टमन होते. पक्षाघाताने त्यांचा डावा पाय कडक झाला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला या घरात आणून दिले. सुरुवातीला लेक फरशीवर बसून मला त्यांच्या पोटरीवर धरायची. महिन्याभरात बाबा भिंतीला न धरता फाटकापर्यंत गेले. "आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली, आज मी पोचलो," असे म्हणून हसले. बाईंनी माझे कौतुक केले. मीही फुशारून गेले.

मग लेकीचे काम वाढले. बाबांना वाकून पोटरीपर्यंत हात नेता येत नसे आणि तिला उठवायचे त्यांच्या जिवावर येई. ते मला सुरू करून खुर्चीच्या हातावर टेकवून ठेवत. "तिकडे आवाज गेला म्हणजे झालं. तिला कशाला त्रास?" असे माझ्याशीच पुटपुटत. कोपऱ्यावरच्या मित्राकडे चालत जायचे होते त्यांना. पाय पुन्हा आखडत चालला आणि मी लाकूड थरथरवत राहिले. आम्ही दोघे मिळून तिला फसवतो आहोत, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी बाबांचे हृदय बंद पडले. पायाशी त्याचा संबंध नव्हता, असे डॉक्टर म्हणाले. पण कोपऱ्यापर्यंत जाणे राहिले ते राहिलेच.

काही दिवसांनी बाई मला न्यायला आल्या. मित्रांनो, आता ज्या घरी जाईन तिथे मला नुसते सुरू करून सोडू नका. मला धरायला माणूस लागतो.

लेक माझी वायर गुंडाळत होती. बाई म्हणाल्या, "किती केलंत तुम्ही त्यांचं. एक दिवस चुकवला नाहीत."

तिचे हात थांबले.

"नाही हो. पायावर धरलं की याचा आवाज दबतो, लाकडावर खडखडतो. मला पलीकडे बसून रोज कळत होतं. मी उठले नाही."